मोतीबिंदू निघाला, पण खिडकीचे गज दुहेरी दिसतात



या सदरात आपण वालावरचा मावा, पेंढ्याचे खत, जनावरांची लाळ-खुरकूत असे विषय घेत असतो. आज मात्र डोळ्याबद्दल बोलायचे आहे. मी डॉक्टर नाही. माझी सारी नोकरी कृषी विस्ताराच्या कामात, बांधावरून चालण्यात गेली. पण घरातच असा प्रसंग आला की तो तुमच्या कानावर घालावासा वाटला. कारण ज्या ज्या गावात मी तो बोललो, तिथे कोणी ना कोणी म्हणाले, ‘साहेब, आमच्या म्हाताऱ्याचेही हेच झाले आहे.’

भाईंदर पश्चिमेहून उत्तनला जाताना मुर्धा, राई, मोर्वा ही गावे लागतात. मीरा-भाईंदर महानगरपालिका २००२ साली झाली, त्याआधीपासूनच या भागाला शहराने वेढायला सुरुवात केली होती. तरी काही घरांमागे अजून भाजीचे वाफे आहेत, थोडे भातही होते. माझे मामा तिथलेच. तरुणपणी मिठागरात राबले, नंतर भाजीची वाडी केली. वय एकाहत्तर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भाताची झोडणी उरकल्यावर, मार्गशीर्षात, त्यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि आत भिंग बसवले.

पट्टी काढली त्या दिवशी मामा खूष होते. घराची भिंत पिवळी नसून पांढरी आहे हे त्यांना म्हणे तेव्हा कळले! पण आठ-पंधरा दिवसांत तक्रार सुरू झाली. उत्तनच्या बसची पाटी वाचता येत नाही. अक्षराची शिरोरेघ साफ दिसते, पण काना दुहेरी दिसतो, एकाला एक चिकटलेली सावली. रस्त्यावरच्या दिव्याला आडव्या मिशा फुटतात. चंद्र रुंद दिसतो. मामींना ते म्हणाले, ‘डोळा बिघडवला माझा.’ महिन्याने तपासणीला बोलावले होते, तेही गेले नाहीत. वाडीत माठ-मुळा काढायला आला होता हे एक कारण, आणि राग हे दुसरे.

इथवर ठीक होते. पण मामा दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया नको म्हणू लागले, आणि आळीत सगळ्यांना सांगू लागले की या भानगडीत पडू नका. शेजारच्या दोन म्हाताऱ्या माणसांनी ठरलेली तारीख मोडली. त्यांतल्या एका आजींना तर घरातली पायरी दिसत नव्हती. एका माणसाच्या अपुऱ्या माहितीने तिघांचा उजेड अडला, म्हणून मला त्यात पडावे लागले.

होळीला मी गेलो तेव्हा त्यांना ओटीवर बसवले. म्हटले, ‘मामा, डावा डोळा हाताने झाका आणि समोरच्या खिडकीकडे बघा. गज कसे दिसतात?’ ते म्हणाले, ‘आडव्या पट्ट्या बरोबर आहेत. उभे गज एकाचे दोन दिसतात.’ मग मी लग्नपत्रिकेचा एक जाड तुकडा घेतला, त्याला दाभणाच्या टोकाने बारीक भोक पाडले आणि त्यातून भिंतीवरचे कॅलेंडर बघायला सांगितले. मामांनी तारीख वाचली, वार वाचला, खाली छापलेले दुकानाचे नावसुद्धा वाचले. कागद उलटापालटा करून बघत म्हणाले, ‘ह्यात काच बसवली आहेस का रे?’

काच नव्हती. हे दोन प्रयोग तुम्हीही घरी करून पाहा, पैसा लागत नाही. एका वेळी एकच डोळा उघडा ठेवायचा. गज एका दिशेने साफ आणि दुसऱ्या दिशेने अंधूक दिसले, तर डोळ्याचा बाक दोन दिशांना वेगवेगळा असण्याचा संभव. आणि बारीक भोकातून पाहिल्यावर स्पष्ट दिसू लागले, तर दोष बहुधा चष्म्याने सुधारेल असा आहे. कारण भोकातून किरणांची अगदी अरुंद शलाका आत जाते आणि बाकाचा वाकडेपणा तिला फारसा बाधत नाही. भोकातूनही अंधूकच दिसले, तर मात्र कारण दुसरे असू शकते, आणि ते डॉक्टरांनीच शोधायचे. अर्थात हे प्रयोग म्हणजे तपासणी नव्हे. मातीचा गोळा हातात चुरून पाहिला म्हणून माती परीक्षण झाले असे आपण म्हणत नाही, तसेच हे.

आता हा बाक म्हणजे काय? घरातली स्टीलची गोल वाटी पालथी करून तिच्या बुडाजवळ तोंड पाहा. मग चमच्याच्या पाठीत पाहा. चमचा उभा धरला तर तोंड लांबट दिसते, आडवा धरला तर पसरट. वाटीचा बाक सगळीकडून सारखा, चमच्याचा लांबीला एक आणि रुंदीला दुसरा. आपल्या बुबुळावर जी पारदर्शक काच असते, ती वाटीसारखी असावी. ती चमच्यासारखी झाली की उभे आणि आडवे किरण एका जागी मिळत नाहीत. डॉक्टर याला अ‍ॅस्टिग्मॅटिझम म्हणतात, चष्म्याच्या दुकानात सिलिंडरचा नंबर म्हणतात. थोडासा तो बहुतेकांना असतो आणि अर्ध्या नंबराच्या आत असेल तर माणसाला कळतही नाही.

मामांचा प्रश्न साधा होता: मग हा दोष आधी का नव्हता? त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की दोष काही अंशी आधीही असू शकतो. डोळ्यात दोन भिंगे, बाहेरची ही काच आणि आतले नेत्रभिंग. गढूळ झालेले आतले भिंग मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत काढतात आणि तिथे नवे बसवतात. नेहमीचे नवे भिंग सगळीकडून सारख्या ताकदीचे असते. बाहेरच्या काचेचा वाकडेपणा आहे तसाच राहतो. आधी सगळेच धुरकट दिसत असते, त्यात हा दोष लपतो. धुके हटल्यावर वाकडा बांध दिसावा तसे ते होते. म्हणूनच जुना चष्मा पुन्हा लावून उपयोग नसतो. त्यातला नंबर दोन्ही भिंगांचा मिळून होता, त्यांतले एक आता गेले.

दुसरे उत्तर म्हणजे काप. आत जाण्यासाठी डोळ्याला छेद द्यावा लागतो आणि ज्या दिशेला छेद, त्या दिशेचा बाक थोडा सपाट होतो. यंत्राने भिंग विरघळवून काढण्याच्या पद्धतीत छेद दोन-अडीच मिलिमीटरचा, त्याने फरक थोडाच पडतो. हाताने सबंध भिंग काढण्याच्या, बिनटाक्याच्या पद्धतीत तो सहा-सात मिलिमीटरचा. शिबिरांतून आणि सरकारी रुग्णालयांतून ही पद्धत फार चालते आणि ती चांगलीच आहे, पण फरक जास्त पडतो. त्यात वय वाढले की बुबुळाचा उभा बाक मुळातच आडव्यापेक्षा सपाट होऊ लागतो. अशा डोळ्याला वरून छेद दिला तर सपाट आणखी सपाट होते. कानशिलाच्या बाजूने दिला तर उलट थोडी मदतच होते. छेद कुठून घ्यायचा हे डॉक्टर डोळा पाहून ठरवतात, त्याला इतरही कारणे असतात. पण विचारायला हरकत नाही.

टाके घातले असतील तर आणखी एक गोष्ट. गोणीचे तोंड शिवताना सुतळी ताणली की कापड तिथे चुणते. डोळ्याच्या टाक्याचा धागा केसाहून बारीक असतो, तरी तो घट्ट बसला की त्या दिशेचा बाक वाढतो. असा टाका काही आठवड्यांनी डॉक्टर काढतात आणि नंबर आपोआप उतरतो. म्हणून टाका काढण्याआधीच घाईने चष्मा करू नये.

थोडी जुनी गोष्ट सांगतो. माझ्या लहानपणी शाळेच्या इमारतीत डोळ्यांची शिबिरे भरत. तेव्हा डोळ्यात भिंग बसवत नसत. गढूळ भिंग काढायचे आणि सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा द्यायचा. छेद दहा-बारा मिलिमीटरचा, त्यामुळे वाकडा नंबरही भरपूर, पण तो त्या जाड काचेतच मुरून जाई आणि दिसते आहे यातच माणूस समाधानी असे. डोळ्यात भिंग बसवण्याची सुरुवात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली केली. महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे एका प्लॅस्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसूनही डोळा ते सहन करतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. आपल्याकडे १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने मोतीबिंदूचा मोठा कार्यक्रम झाला, त्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. भिंग बसवणे खेडोपाडी पोहोचले ते या सुमारास. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पूर्वी काम केलेले डॉ. तात्याराव लहाने यांचे नाव तर तुम्हाला ठाऊकच आहे. लातूर जिल्ह्यातल्या या माणसाला २००८ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. सांगायचा मुद्दा हा की भिंग आल्यावर आपली अपेक्षा वाढली. आता आपल्याला बसची पाटी चष्म्याशिवाय वाचायची असते. अपेक्षा चूक नाही, पण ती आधी बोलून घ्यावी लागते.

ती कशी बोलावी? शस्त्रक्रियेपूर्वी कुठल्या ताकदीचे भिंग बसवायचे हे काढण्यासाठी बुबुळाचा बाक मोजतातच. कागदावर ‘के १’ आणि ‘के २’ असे दोन आकडे असतात. समजा एक ४३ आणि दुसरा ४५, तर फरक दोनाचा, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. माती परीक्षणाचा अहवाल जसा आपण फाईलला लावतो तसा हा कागद मागून घ्या आणि जपा. फरक एकाच्या वर असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा: माझा सिलिंडरचा नंबर राहील का, त्याला काय करता येईल?

एक उपाय म्हणजे टोरिक नावाचे भिंग. त्यात बाकाचा दोष भरून काढणारी ताकद एका ठरावीक दिशेने घातलेली असते. गंमत अशी की माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत किंचित फिरतो, म्हणून दिशेची खूण रोग्याला बसवूनच करून घेतात. आम्ही समपातळी बांधाची आखणी करताना सुरुवातीची खुंटी चुकली की पुढचा सगळा बांध चुकतो, त्यातलाच प्रकार. हे भिंग आत गेल्यावर एक अंश फिरले तर त्याचा सुमारे तीन टक्के उपयोग जातो. दहा अंश फिरले तर तिसरा हिस्सा. तीस अंश फिरले तर फायदा शून्य. फिरलेले भिंग काही दिवसांत पुन्हा सरळ करता येते, म्हणून नजर एकाएकी बदलली तर थांबू नये. टोरिक भिंगाला जादा पैसे पडतात आणि मोफत शस्त्रक्रियेत सहसा साधे भिंग मिळते. माझे मत विचाराल तर, कर्ज काढून टोरिक बसवू नका. साधे भिंग आणि नीट केलेला चष्मा यावर आपल्या घरांतली कामे उत्तम चालतात. ज्याला परवडते त्याने जरूर बसवावे. बुबुळाच्या कडेला छोटे छेद देणे, नंतर लेझर करणे असेही उपाय आहेत, ते डॉक्टरांशी बोलून. कॉन्टॅक्ट लेन्स मात्र मातीत हात असणाऱ्या माणसाने आपणहून घेऊ नये.

तर चष्मा. छेद भरून बाक स्थिर व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बारीक छेद असेल तर थोडे आधी, टाके असतील तर बरेच नंतर. तोवर अंधूकपणा येतो-जातो, त्यावरून शस्त्रक्रिया फसली असे ठरवू नये. मामांनी नेमकी हीच तपासणी बुडवली होती. मी त्यांना घेऊन गेलो. नंबर निघाला उणे दोन सिलिंडर, अ‍ॅक्सिस नव्वद. अ‍ॅक्सिस म्हणजे दिशा, कंपासपेटीतल्या कोनमापकावर मोजतात तशी.

आणि इथे आपल्या लोकांच्या दोन-तीन सवयी आड येतात. जत्रेत किंवा बाजारात मिळणाऱ्या तयार चष्म्यात सिलिंडर नसतेच, त्यामुळे तो कितीही बदलून पाहिला तरी काना दुहेरीच राहणार. घरातल्या दुसऱ्याचा चष्मा लावणे तर सोडूनच द्या. तिसरी सवय जास्त नडते. चष्मा खिशात, चष्मा उशाखाली, चष्म्यावर नातवंड बसलेले, काडी वाकलेली आणि तिला दोरा गुंडाळलेला. साध्या नंबराला हे चालून जाते. सिलिंडरच्या चष्म्याला चालत नाही, कारण चौकट दहा अंश तिरकी बसली तर काचेचा तिसरा हिस्सा फुकट, टोरिक भिंगासारखाच हिशेब. चौकट पूर्ण गोल घेऊ नका, गोल चौकटीत काच आपली आपण फिरते. दुकानातून घेताना आरशात पाहा, दोन्ही काचा एका पातळीत आहेत ना. घरी आल्यावर पुन्हा गज पाहा.

नवा चष्मा लावल्यावर पहिले आठ-दहा दिवस जमीन उतरती वाटते, दाराची चौकट कललेली वाटते. डोके सरावते. पण तोवर बांधावरून, विहिरीच्या काठाने जपून चाला. दूरचे-जवळचे एकत्र असलेला चष्मा लावून बांधावर जाऊच नका; खालच्या भागातून पाय टाकायची जागा अंधूक दिसते आणि माणूस चिखलात जातो. दूरचा वेगळा, वाचायचा वेगळा, असे दोन चष्मे शेतकऱ्याला बरे. साधे भिंग एकाच अंतराला जुळवलेले असते, त्यामुळे वाचायला चष्मा बहुधा लागतोच, त्याचेही वाईट वाटून घेऊ नये.

मिठागर, खाडी आणि शेत इथे उन्हावाऱ्यात राबलेल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळावर मांसाचा कोंब चढताना पुष्कळांना दिसतो. ऊन, खारा वारा आणि धूळ यांत वर्षानुवर्षे काम केलेल्यांत तो जास्त आढळतो. हा कोंब बुबुळाला ओढतो आणि त्याचा आडवा बाक बिघडवतो. तो मोठा असताना भिंगाची मोजणी केली तर आकडे फसवे येतात. म्हणून तो आधी दाखवा. टोपीला रुंद काठ आणि डोळ्याला काळा चष्मा ही चैन नव्हे.

शस्त्रक्रियेनंतर डोळा चोळू नका, महिनाभर झोडणी, पाखडणी, गोठ्याची झाडलोट दुसऱ्याकडे द्या, तोंडावर पाणी मारू नका. थेंब सांगितले तितके दिवसच. उरलेली बाटली पुढे कधी डोळा लाल झाला म्हणून वापरू नका, त्यांतल्या काही औषधांनी डोळ्यातला दाब वाढतो.

आणि हे नीट लक्षात ठेवा. डोळा दुखणे, लाली वाढणे, पू येणे, नजर झपाट्याने कमी होणे, विजा चमकल्यासारखे किंवा पडदा ओढल्यासारखे दिसणे, हे सिलिंडरच्या नंबराचे लक्षण नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठायचे. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी सगळेच पुन्हा धुरकट झाले, तर बहुधा भिंगामागच्या पातळ पडद्यावर साय धरलेली असते, ती लेझरने थोड्या वेळात मोकळी होते. मधुमेह असेल तर आतला पडदाही तपासून घ्यावा लागतो. तिथला दोष कोणत्याही चष्म्याने जात नाही.

मामांचा चष्मा आला त्या दिवशी ते मला न सांगता भाईंदर स्टेशनबाहेर जाऊन उभे राहिले आणि तीन बसच्या पाट्या वाचून परत आले. त्यांनी स्वतःच शेजारच्या आजींच्या घरी जाऊन गजांचा प्रयोग करून दाखवला. आजींची शस्त्रक्रिया वैशाखात झाली. दुसरे शेजारी अजून तयार नाहीत. मामांच्या डाव्या डोळ्यात तो मांसाचा कोंब निघाला आहे. डॉक्टर म्हणाले, आधी तो काढू, बाक स्थिर होऊ दे, मग पुन्हा मोजून भिंग ठरवू. मामांनी त्यांना विचारले, ‘या खेपेला काप कुठून घेणार?’ डॉक्टर हसले आणि कागदावर डोळा काढून त्यांना दाखवू लागले. तो कागद मामींनी पत्र्याच्या पेटीत सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर ठेवला आहे.